दुसऱ्या कप्प्यातला माणूस

१

गुरुवारी दुपारी अडीच वाजता हितेंद्र आरोलकर जेवणाचे डबे पोचवून प्रभादेवीच्या कुडाळकर वाडीत परतला. परुळेकरांच्या बैठ्या घराच्या मागे एका खोलीत त्याची खानावळ होती. मागच्या अंगणात शिरला तेव्हा सेप्टिक टँकची दोन्ही तोंडं उघडीच होती. पलीकडच्या तोंडातून त्यानं आत डोकावलं आणि हातातली पिशवी टाकून तो ओरडत रस्त्याकडे धावला.

आत गुडघाभर गाळात एक माणूस पालथा पडला होता. अग्निशमन दलाच्या लोकांनी दोर लावून त्याला वर काढला, पण तोवर सगळं संपलं होतं. भिवा तांबे, वय चोपन्न, राहणार नायगाव. आयुष्यभर ड्रेनेजच्या कामावर खपलेला माणूस.

टाकीला बिडाची दोन झाकणं होती. त्यातलं एक शेजारी गवतावर पडलं होतं, दुसरं अंगणात कुठेच नव्हतं. घरच्यांनी सांगितलं, आम्ही या माणसाला बोलावलंच नाही, आम्ही घरातही नव्हतो. मग पोलिसांना जे सुचायचं तेच सुचलं. बिडाची झाकणं पळवून भंगारात घालणारे मुंबईत कमी नाहीत. एक झाकण आधी नेलं असेल, दुसऱ्यासाठी आला असेल, तोल गेला असेल. कागदावर तसं लिहूनही झालं.

शनिवारी सकाळी भिवाची बायको राधाबाई दादरला अक्षता गमरेच्या ऑफिसात येऊन बसली. अक्षता सांडपाण्याची इंजिनियर. कर्जत-अलिबागच्या बंगल्यांना सेप्टिक टँक आखून द्यायचे, बिघडलेले दुरुस्त करायचे, हे तिचं काम. तिचे वडील आणि भिवा ड्रेनेज कामगारांच्या एकाच गँगमध्ये होते, त्यामुळे लहानपणापासून ती त्याला काका म्हणायची.

राधाबाई रडत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

"माझ्या मालकाला चोर लिवलंय, अक्षू."

"काकी, मी ऐकलं."

"तीस वर्षं लोकांची घाण काढली त्यानं. घाणीत काय काय सापडायचं. एकदा मंगळसूत्र सापडलं, ते परत द्यायला दोन तास वणवण हिंडला. तो झाकण चोरंल?"

अक्षताला आठवत होतं. सोमवारी संध्याकाळी भिवाकाकांचा फोन आला होता. ती साइटवर होती, भोवती कामगार होते. काका म्हणाले होते, "अक्षू, एका घराची टाकी उघडलीय. पुढं पाणीच जात नाय. जरा विचारायचं होतं." ती म्हणाली होती, "काका, उद्या फोन करते." तो उद्या मंगळवारी आला नाही, बुधवारीही नाही.

"तो म्हणाला होता, परुळेकर बाईंकडं काम हाय," राधाबाई म्हणाली. "आता त्या म्हणतात, आमी ओळखत नाय."

अक्षताचा हात टेबलावरच थांबला. "कोण बाई? शांताबाई परुळेकर? शाळेतल्या?"

"त्याच. तुला गणित शिकवायच्या ना?"

२

शांताबाईंनी दार उघडलं आणि चष्मा वर सरकवून पाहिलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या, पण पाठ अजून ताठ होती. उजव्या हाताच्या दोन बोटांना फडकं बांधलेलं होतं.

"अक्षता गमरे. पहिल्या बाकावरची," त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज उतरला. "तू त्या माणसाकरता आलीस का?"

"टाकी बघायला आले, बाई. ती उघडी ठेवून चालणार नाही."

"ये. बोटांकडे बघू नकोस, तेल उडालंय."

बाईंनी चहा टाकला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यांच्या सुवाच्य अक्षरातला एक तक्ता होता. दर सहा महिन्यांनी टाकीतला गाळ मोजल्याच्या नोंदी त्यात होत्या. खाली नियम लिहिले होते: मोरीत तेल ओतू नये. संडासात ॲसिड, फिनेल घालू नये, गाळ पचवणारे जंतू मरतात. मागच्या मोकळ्या जागेत झाड लावू नये, जड वस्तू ठेवू नये. ही वाडी खोलगट भागात असल्यामुळे गटाराची सरकारी लाइन या घरापर्यंत कधी पोचलीच नव्हती. बाईंच्या यजमानांनी ही टाकी बांधली होती आणि त्यांच्यामागे बाईंनी ती एखाद्या दुभत्या गाईसारखी सांभाळली होती.

तक्त्यातली शेवटची नोंद तीन वर्षांपूर्वीची होती.

"त्यानंतर मोजलं नाही?"

"वय झालं," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात त्यांचा मुलगा हर्षवर्धन आतून आला. पंचेचाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. त्यानं घराच्या तीन खोल्या पाहुण्यांना राहायला द्यायला सुरुवात केली होती आणि प्रत्येक खोलीला स्वतंत्र बाथरूम काढलं होतं.

"मॅडम, स्टेटमेंट दिलंय आम्ही. गुरुवारी मी अकरा वाजल्यापासून बँकेत होतो, लोनचं काम होतं. पोलिसांचा फोन आला तेव्हा निघालो. आई दादरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती. होमस्टे तर आठवडाभर बंदच आहे. आता अजून काय?"

"काही नाही. झाकणाचं माप घ्यायचंय. उघड्या तोंडावर नवीन बसवावं लागेल."

"ते करा. तेवढंच करा."

मागच्या अंगणात ऑक्टोबरचं ऊन तापलं होतं. पोलिसांनी दोन्ही तोंडांवर प्लायवूडचे तुकडे टाकले होते. टाकीचे दोन कप्पे असतात. घरातली घाण पहिल्यात येते आणि तिथे गाळ खाली बसतो. वरचं पाणी दुसऱ्या कप्प्यात जातं आणि तिथून बाहेर पडून जमिनीत पुरलेल्या भोकाभोकांच्या पाइपांतून मुरतं. गाळ उपसायचा तर पहिल्या कप्प्यातून. दुसऱ्यात उतरायचं एकच कारण असतं, बाहेर जाणारा पाइप तुंबणं.

भिवाकाका दुसऱ्या कप्प्यात मेले होते.

त्या कप्प्याजवळ सुकलेल्या गाळाचा मोठा ढीग होता आणि शेजारी बादली आडवी पडली होती. अक्षतानं प्लाय सरकवून टॉर्च मारली. बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडात अजून बांबूची लांब पट्टी अडकलेली होती. झाकण चोरायला आलेला माणूस वीस-पंचवीस बादल्या गाळ कशाला उपसेल? पाइपात बांबू कशाला घालेल?

मग तिची नजर गवताकडे गेली. उरलेलं झाकण दुसऱ्या कप्प्याच्या बाजूला गवतावर पडलं होतं. ते तिनं पहारीनं थोडं उचललं. खालचं गवत पिवळं पडलं होतं. तिनं पहिल्या कप्प्याकडे पाहिलं. तिथे झाकण नव्हतं, पण गवतात तेवढ्याच मापाचा दुसरा पिवळा चौकोन मात्र होता.

एका दुपारी गवत पिवळं पडत नाही. म्हणजे दोन्ही झाकणं काढून तीन-चार दिवस इथे शेजारी ठेवलेली होती. चोर झाकण काढून चार दिवस मालकाच्या अंगणात ठेवत नाही. आणि सोमवारपासून गुरुवारपर्यंत आपल्या अंगणातली टाकी उघडी आहे, हे घरातल्या माणसांना दिसलं नाही असंही होत नाही.

तिनं मान वर केली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शांताबाई तिच्याकडे बघत उभ्या होत्या.

३

हितेंद्र आरोलकर परातीत आमसुलाची सोलं भिजवत होता. धिप्पाड माणूस. भरलेला गॅसचा सिलिंडर एका हातानं उचलून त्यानं कोपऱ्यात सारला आणि अक्षताला बसायला स्टूल दिलं.

"माझ्यार संशय घेतत सगळे," तो म्हणाला. "म्हणे तुझ्या तेलानं टाकी तुंबली. म्हणे झाकण उचलायची ताकद तुझ्यातच. अहो, मी तेलाचो डबो भरून वेगळा देतंय. शांताताईंनी पहिल्याच दिवशी नियम सांगितलेले."

"भिवा तांबेंना तुम्ही ओळखत होता?"

हितेंद्रनं हात पुसले, दाराबाहेर पाहिलं. "तोंडओळख. मी जास्त बोलणार नाय बाई. भाडेकरू आहे मी."

"गुरुवारी काय झालं तेवढंच सांगा."

"काय होणार? साडेबाराला डबे भरले. एरवी मी भांडी घासून मगच निघतो. त्या दिवशी तशीच ठेवली आणि एक वाजता सुटलो. अडीचला आलो तर हे."

"भांडी का नाही घासली?"

"ताईंनी आदल्या दिवशी सांगितलेलं ना, बारा ते दोन मोरीत पाणी सोडू नको म्हणून." बोलता बोलता तो थबकला. आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मला वाटलं, वरची पाण्याची टाकी धुवायची असेल." त्यानं नजर चुकवली; अंगणातली उघडी टाकी त्यालाही चार दिवस दिसत होतीच.

पाणी सोडू नको. टाकीत माणूस उतरणार असेल तरच असं सांगावं लागतं. म्हणजे बाईंना माहीत होतं.

अक्षताला बाहेर पडावंसं वाटेना. ज्या बाईंनी तिला फळ्यापाशी उभं करून, उत्तर चुकलं तरी चालेल पण पायरी लपवायची नाही, असं बजावलं होतं, त्या बाई.

"हितेंद्रभाऊ, गाळ काढायला ट्रक का नाही बोलावला? नळी टाकून खेचून घेतात, माणूस उतरावा लागत नाही."

"ट्रक येणार कुठून? मागच्या गेटात हर्षदादांनी नवीन खोली बांधली ना, तीन वर्षांपूर्वी. पुढून नळी पोचत नाय."

अक्षता त्या नव्या खोलीकडे गेली. पाहुण्यांच्या तीन खोल्यांतली ही तिसरी. तिच्या भिंतींना कमरेपर्यंत ओल चढली होती, रंगाचे पोपडे सुटले होते. तिनं टाकीतून बाहेर जाणाऱ्या पाइपाची दिशा धरली आणि पावलं मोजत गेली. सातव्या पावलाला ती त्या खोलीच्या भिंतीशी येऊन थांबली. पाणी मुरायचे पाइप ज्या जमिनीत होते, नेमक्या त्या जमिनीवर हर्षवर्धननं काँक्रीट ओतून खोली उभी केली होती.

म्हणजे पाइप तुंबला नव्हताच. पाण्याला पुढे जायला जागाच उरली नव्हती. भिवाकाकांनी शंभर वेळा बांबू घातला असता तरी एक थेंब पुढे सरकला नसता. सोमवारी फोनवर ते हेच विचारत होते, आणि तिनं ऐकून घेतलं असतं तर दोन मिनिटांत सांगितलं असतं, काका, उतरू नका, काही उपयोग नाही.

ती वळून टाकीपाशी परत आली.

मग तिनं बाईंचा जुना मोजायचा बांबू शोधला. टोकाला पांढरं फडकं गुंडाळून तो पहिल्या कप्प्यात सोडला. गाळ फडक्याला लागून येतो आणि काळा डाग किती उंच चढला त्यावरून थर कळतो. बांबू मऊ गाळातून खाली जात राहिला आणि तळ यायच्या फूटभर आधीच एकदम थांबला.

टण् असा आवाज आला. तिनं पुन्हा आपटून पाहिला. पुन्हा तोच आवाज.

४

"झाकण टाकीतच आहे," ती राधाबाईला म्हणाली.

राधाबाई नायगावच्या चाळीतल्या तिच्या खोलीत, दारातच बसली होती. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली भिवाचा रेशनकार्डावरून मोठा केलेला फोटो होता.

"चोरलं कुणीच नाही. कुणीतरी ते ढकलून आत पाडलं, म्हणजे चोरी झाल्यासारखं वाटावं. चौकोनी झाकण तिरकं केलं की त्याच तोंडातून आत जातं. काठावरच्या सिमेंटवर ताजा ओरखडा आहे. हितेंद्रला ते उचलून रस्त्यावर नेता आलं असतं. ज्याला उचलता येत नाही, तो पहारीनं रेटत जवळच्या भोकात ढकलतो."

"मग कोण?"

"त्याआधी दुसरं सांगा काकी. काका टाकीत उतरायचे तेव्हा काय काय करायचे?"

"तीन दिस उघडी ठेवायचा. बांबूनं ढवळून ढवळून गॅस काढायचा. डोकं जरा गरगरलं की वर. घाई न्हाय करायचा कधी. म्हणून तर तीस वर्षं टिकला."

आणि गुरुवारी ते आत बराच वेळ काम करत होते, तो गाळाचा ढीगच सांगत होता. हवा वाईट असती तर पहिल्या पाच मिनिटांतच काय ते झालं असतं. वीस-पंचवीस बादल्या उपसून, बांबू पाइपात घालून झाल्यावर एकाएकी काहीतरी आलं. एवढं एकाएकी की वर यायलाही सवड मिळाली नाही.

अक्षताला टॉर्चमध्ये पाहिलेलं पहिल्या कप्प्याचं तोंड आठवलं. घरातून येणाऱ्या पाइपाच्या ओठावरचं सिमेंट पांढरं पडून खवलं सुटल्यासारखं झालं होतं, फेसाळून खाल्लेलं असावं तसं. ती पाहुण्यांच्या बाथरूममध्येही डोकावली होती. संडासाची चकचकीत भांडी, आणि नव्या लादीवर भांड्याभोवती निस्तेज झालेले ओघळ.

ॲसिड. साचलेल्या गाळात सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू बांधलेला असतो. वरून ॲसिड पडलं की तो एका दमात सुटतो. हवेहून जड असल्यामुळे मधल्या भिंतीवरून पलीकडे खाली उतरतो. पलीकडे माणूस असेल तर दोन-तीन श्वासांत त्याची शुद्ध जाते.

पण होमस्टे बंद असताना बाथरूम कोण धुतं?

तिनं फोन काढून त्या होमस्टेचं पान उघडलं. सगळ्यात वरचा अभिप्राय शुक्रवारचा होता, एकच चांदणी दिलेला. नाशिकच्या कुणा दीपिका नावाच्या बाईंनी चिडून लिहिलं होतं: गुरुवारी चार वाजताचं बुकिंग पक्कं होतं. सकाळी फोन करून विचारलं तर मालक म्हणाले, या, सगळं चकाचक तयार आहे. आलो तर दारात पोलिस.

हर्षवर्धन खोटं बोलला होता. पण तो बँकेत होता हे खरं होतं. अक्षतानं बँकेत जाऊन विचारलं होतं. मॅनेजरच्या टेबलासमोरून तो तीन वाजेपर्यंत हलला नव्हता. हितेंद्र डबे घेऊन फिरत होता आणि दहा ऑफिसांत लोकांनी त्याला पाहिलं होतं.

राहिल्या त्या बाई. दादरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलेल्या.

"काकी," अक्षता हळूच म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर याल?"

५

रविवारी सकाळी शांताबाईंच्या ओसरीवर चौघं होती. हर्षवर्धन उभा होता. राधाबाई खुर्चीवर बसायला तयार झाली नाही, पायरीवर बसली. दोरीवर बाईंचं घरात नेसायचं सुती पातळ वाळत होतं. त्याच्या खालच्या काठाला उंदरानं कुरतडावं तशी बारीक बारीक भोकं पडली होती. शनिवारी बाईंच्या अंगावर हेच पातळ पाहून अक्षताला वाटलं होतं, बाई किती काटकसरीनं राहतात.

"बाई, मी पायऱ्या मांडते. चुकलं तर सांगा," अक्षता म्हणाली. "काकांना इथे बोलावलं होतं. झाकणं सोमवारपासून उघडी होती, गवत सांगतं. हितेंद्रला तुम्ही पाणी सोडू नको म्हणालात. ट्रक येऊ शकत नव्हता, कारण गेटात खोली आहे. काका बाराला उतरले. त्यांचं काम नीट चाललं होतं. मग पाहुण्यांच्या बाथरूममध्ये कुणीतरी ॲसिड ओतलं."

"आमच्याकडे ॲसिड वापरत नाहीत," हर्षवर्धन म्हणाला. "आईचा नियम आहे."

"सुती कापडावर ॲसिड उडालं की लगेच काही दिसत नाही. धुतल्यावर भोकं पडतात." तिनं दोरीकडे बोट केलं. "घरात नेसायचं पातळ नेसून कुणी दादरला डॉक्टरकडे जात नाही. आणि तेल उडालं तर फोड येतो, बाई. तुमच्या फडक्याच्या कडेनं दिसणारं कातडं पांढरं पडलंय, मला कालच दिसलं."

"आई, काही बोलू नकोस," हर्षवर्धन पुढे झाला. "मी वकिलाला फोन करतो."

शांताबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्या अक्षताकडे बघत होत्या.

"सगळ्या पायऱ्या बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "एक राहिली. ॲसिड का ओतलं, ती."

त्यांनी हर्षवर्धनकडे बोट केलं.

"याचा बँकेतून फोन आला. चारला पाहुणे येणार, कामवाली आली नाही, तू बाथरूम चकाचक कर. मी म्हटलं, भिवा आत आहे, पाणी सोडायचं नाही असं मी त्याला कबूल केलंय. तर हा म्हणाला, मग ॲसिड टाक, त्याला पाणी लागत नाही. कपाटात चार बाटल्या ठेवल्या होत्या, मला न सांगता आणलेल्या." त्या थांबल्या. "मला पटलं. ॲसिडनं जंतू मरतात एवढंच मला ठाऊक होतं. माणूस मरतो हे नव्हतं ठाऊक. मी पाणी वाचवलं गं. त्याला दिलेला शब्द पाळायला म्हणून मी ॲसिड ओतलं. वर दोन-दोन तांबे पाणी घातलं, तेवढंच."

राधाबाईच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. हर्षवर्धन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"तो अपघात होता," तो भिंतीला सांगावं तसं म्हणाला. "हा सरळ सरळ अपघात आहे."

"माणसाला टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे, हर्षवर्धन. आणि तुम्ही ज्या जमिनीवर खोली बांधलीत तिथे पाणी मुरायचे पाइप होते. ते काम होणारच नव्हतं. काका एका न होणाऱ्या कामासाठी उतरले होते." अक्षता बाईंकडे वळली. तिला खरा प्रश्न अजून विचारायचा होता आणि तो विचारू नये असंही वाटत होतं. "बाई, तुम्ही त्यांना कधी पाहिलंत?"

शांताबाईंनी चष्मा काढला.

"किती वाजता?"

"पावणेदोन. चहा विचारायला गेले."

"हितेंद्र अडीचला आला."

"हो."

"हा पाऊण तास. तुम्ही कुणाला फोन केलात?"

अंगणापलीकडे हितेंद्रच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली. बाईंनी फडक्याचा हात दुसऱ्या हातात घट्ट धरला.

"हाक मारली. तो हलला नाही. मला वाटलं, आता काय उपयोग. मग वाटलं, खोली पाडतील, हर्षूला नेतील. पहार तिथेच होती." त्यांचा आवाज वर्गात शिकवताना असायचा तसा स्पष्ट झाला, आणि तेच ऐकवेना. "झाकण फार जड होतं. अर्धा तास त्यातच गेला. मग मी पातळ बदलून पुढच्या दारानं बाहेर पडले. तीनला परत आले. चोर हा शब्द पहिल्यांदा मीच उच्चारला. पोलिसांनी फक्त लिहून घेतला."

"तवा जिता होता का तो?" राधाबाईनं पायरीवरून विचारलं.

कुणालाच ते माहीत नव्हतं. डॉक्टरांनाही आता सांगता आलं नसतं. अक्षतानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी नेहमीसारखी ताठ ठेवलेली पाठ आता वाकली होती आणि त्या एकदम खूप म्हाताऱ्या दिसत होत्या.

"मला माहीत नाही, राधाबाई," त्या म्हणाल्या. "मी बघायला हवं होतं. मी बघितलं नाही."

मग त्या खुर्चीतून उठल्या आणि राधाबाईच्या पायांकडे वाकायला लागल्या. राधाबाईनं पाय मागे घेतले.

"ते नको," ती म्हणाली. "माझ्यापाशी नको. जिथं जाऊन चोर म्हणालीस तिथं चल."

६

पोलिस ठाण्यात रविवारची वर्दळ नव्हती. हर्षवर्धन वकिलाची वाट बघत बाहेर थांबला होता. आत बाकावर राधाबाई आणि शांताबाई, मधे एका माणसाची जागा सोडून, बसल्या होत्या. अक्षतानं पिवळ्या गवताचे, पाइपाच्या ओठाचे फोटो हवालदाराच्या टेबलावर मांडले आणि टाकीतलं झाकण वर काढायला माणसं न उतरवता क्रेनचा गळ वापरा, असं दोनदा बजावलं.

हवालदारानं नवा कागद घेतला. बाईंनी सांगायला सुरुवात केली. कुठेही न अडखळता, वेळांसकट, पाऊण तासासकट. त्यांनी मुलाची बाजू सांभाळली नाही आणि त्याच्यावर ढकललंही नाही. ॲसिडच्या बाटल्या कुणी आणल्या ते सांगितलं, ओतल्या कुणी तेही सांगितलं. अक्षता खिडकीशी उभी राहून ऐकत होती. तिला या बाईंचा राग यायला हवा होता आणि तो येतही होता. पण शाळेतला तो ओळखीचा आवाज ऐकत ती पायरीमागून पायरी मनात ताडून बघत होती.

"वाचून दाखवा," जबाब संपल्यावर राधाबाई म्हणाली. "मला वाचता येत नाय."

हवालदारानं घसा साफ केला. "मी, शांता केशव परुळेकर, असे लिहून देते की, भिवा तांबे यांना टाकीच्या कामासाठी मीच बोलावले होते. ते चोरी करण्यासाठी आले नव्हते..."

"थांबा," राधाबाईनं हात वर केला.

"काय झालं?"

"भिवा सोनू तांबे. तिचं नाव पुरं लिवलंत, त्याचं अर्धं का?"

हवालदारानं शांताबाईंकडे पाहिलं, मग अक्षताकडे. मग त्यानं पेनाचं टोपण काढलं आणि दोन शब्दांच्या मधे, वरच्या रिकाम्या जागेत, सोनू लिहिलं.

"दाखवा," राधाबाई म्हणाली. वाचता येत नसूनही तिनं कागद दोन्ही हातांत धरला आणि शाई वाळेपर्यंत त्या एका जागेकडे बघत बसली.